लिनक्स टाकायच्या आधी गेमची यादी बघा

भुसावळच्या भाऊंचा प्रश्न आहे की कॉलेजच्या कामाची विंडोज तशीच ठेवून त्याच लॅपटॉपवर गेमिंगसाठी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं का. त्यावर बऱ्याच जणांनी ‘टाका बिनधास्त’ म्हटलंय. भाऊ, आधी खेळता काय ते सांगा. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट असेल तर विषयच संपला, त्यांचं अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, ते लिनक्सवर चालू देत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले एकट्याने खेळायचे बहुतेक गेम मात्र प्रोटॉनमुळे, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, झकास चालतात. स्टीमवाल्या वाल्व्ह कंपनीने ते २०१८ मध्ये आणलं, त्यांच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

टाकायचंच ठरलं तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ४८ आकडे लिहायचा कंटाळा येतो, पण बूटमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये, काही बदललं की विंडोज तीच मागत बसते. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पुरती बंद होतच नाही. लिनक्ससाठी डिस्कवरची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढा. अन् आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरी फुल असल्याशिवाय पार्टिशनला (डिस्कच्या वाटणीला) हात लावू नका.

लिनक्समधून विंडोजमध्ये परतलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही तो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजते.

आणि मे महिन्यात भर दुपारी खेळून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडला तर लिनक्सला शिव्या घालू नका. तापलं की प्रोसेसर आपोआप हळू होतो, विंडोजमध्येही.