मदत हवी आहे: तळेगाव-चाकण भागात सरकारी योजनेतलं भाड्याचं घर

नमस्कार मंडळी. बहीण चाकणला ठेकेदाराकडे कामाला आहे, सोबत तिसरीतला मुलगा. तळेगाव दाभाड्यात वन आरकेत राहतात. मालकाला जागा दिवाळीपर्यंत रिकामी हवी आहे. वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, रेशनकार्ड, नोंदवलेला भाडेकरार सगळं तयार आहे.

म्हाडाची सोडत कृपया सुचवू नका. ती मालकीच्या घरांची, आणि ठेकेदार बदलला की पगाराची स्लिप बदलते, कर्ज कोण देणार? 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे, आम्हाला तोच हवा. एका कार्यालयात विचारलं तर खिडकीतल्या बाईंनी मालकीच्या घराचाच फॉर्म सरकवला. ‘भाड्याचं’ म्हटल्यावर शेजारच्या टेबलाकडे बघितलं; त्या टेबलाने छताकडे. एक एजंट ‘नंबर लावून देतो’ म्हणतोय. त्याला दमडी देणार नाही.

तळेगाव, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये या घटकातली राहायला तयार इमारत कुणाला माहीत आहे का? अर्ज नगरपरिषदेत द्यायचा, की थेट इमारत चालवणाऱ्या संस्थेकडे? डिपॉझिट किती मागतात?

आणखी एक. गावचं पक्कं घर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, वारसनोंद झालेली नाही. भाड्याच्या घरासाठीही ‘स्वतःचं पक्कं घर नाही’ असं प्रतिज्ञापत्र लागतं का, आणि लागत असेल तर बहिणीला ते देता येईल का?