मूर्चेखोर्तच्या लढाईबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नादिरशहा म्हटलं की आपल्याला १७३९ ची दिल्लीची कत्तल आठवते. मला त्याआधीच्या नादिरवर लिहायचंय. नोव्हेंबर १७२९ मध्ये इस्फहानच्या उत्तरेला मूर्चेखोर्तला त्याने इराणची गादी बळकावलेल्या अश्रफ होतकीच्या अफगाण फौजेचा धुव्वा उडवला आणि १७२२ मध्ये अफगाणांकडून राजधानी इस्फहान गमावलेल्या इराणच्या सफवी घराण्याचा तहमास्प गादीवर बसला. (१७३२ मध्ये त्यालाच नादिरने हटवलं!)

माझा प्रश्न असा: १७२२ मध्ये इस्फहानजवळच्या गुलनाबादच्या लढाईत इराण्यांची दाणादाण उडवणारे अफगाण सात वर्षांत एवढे का ढेपाळले? नादिरच्या बंदूकधाऱ्यांची शिस्त, की चुलतभावाच्या ताब्यातल्या कंदाहारहून अश्रफला कुमक न मिळणं? मला दुसरं कारण जास्त पटतं. लढाईचा चांगला नकाशा किंवा मराठी-हिंदीतलं वाचन कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.