बॉम्बे रक्तगटाची केस: रिपोर्ट लिहावा का, आणि त्याआधी कोणत्या तपासण्या पुऱ्या कराव्यात?

पॅथ_निवासी

नमस्कार. बॉम्बे म्हणजे लाल पेशींवर ए, बी आणि ज्यावर ते बनतात ते एच प्रतिजनही नसलेला दुर्मिळ रक्तगट; तशी शंका असलेली ही केस. आठव्या महिन्यातली गरोदर रुग्ण, हिमोग्लोबिन ७.८. बाहेरच्या रिपोर्टवर रक्तगट "ओ पॉझिटिव्ह". रक्ताची मागणी आली तेव्हा क्रॉसमॅचला (रुग्णाचे रक्त दात्याच्या रक्ताशी जुळवून पाहताना) ओ गटाची एकही पिशवी जुळेना. ट्यूबवर पुन्हा गट केला. अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एबी तिन्ही निगेटिव्ह, अँटी-डी पॉझिटिव्ह. रिव्हर्सला, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा माहीत गटाच्या लाल पेशींबरोबर लावल्यावर, ए, बी आणि ओ तिन्ही सेल्सबरोबर ४+ (सर्वांत जोरदार चिकटणे). ऑटो कंट्रोल (प्लाझ्मा तिच्याच पेशींबरोबर) निगेटिव्ह, अँटी-एच लेक्टिन (एच प्रतिजन असलेल्या पेशी चिकटवणारे वनस्पतीतले प्रथिन) निगेटिव्ह. रुग्ण स्थिर आहे, रक्तस्राव नाही, शिरेतून लोह सुरू केले आहे.

माझे प्रश्न असे. एवढ्यावर "बॉम्बे" म्हणता येते का? या रक्तगटाचे केस रिपोर्ट ढिगाने आहेत, मग आणखी एक लिहून काय साधणार? आणि नुकत्याच वाचलेल्या एका रिपोर्टमध्ये लाळेची तपासणी न करताच बॉम्बे म्हटले आहे. त्यावर संपादकांना पत्र पाठवणे योग्य ठरेल का?

सेरोफ्यूज

उपचारापुरते बॉम्बे धरून चाला. छापण्यापुरते मात्र अजून नाही. लेक्टिन निगेटिव्ह आले म्हणजे पेशींवर एच प्रतिजन नाही किंवा इतके कमी आहे की ट्यूबमध्ये दिसत नाही, एवढेच कळते. खरे बॉम्बे (एच पेशींवरही नाही, लाळेतही नाही) आणि पॅरा-बॉम्बे (पेशींवर अगदी कमी एच, किंवा फक्त लाळेत एच) यांतला फरक इथून पुढे सुरू होतो.

आधी कंट्रोल पाहा. त्याच बाटलीतले लेक्टिन, त्याच दिवशी, ओ सेल्सबरोबर जोरात चिकटायला हवे आणि ए१बी सेल्सबरोबर अगदी कमी किंवा नाहीच. हा कंट्रोल नोंदवलेला नसेल तर तुमच्या निगेटिव्हला कुणीही विचारेल की लेक्टिन जिवंत होते का.

आता लाळ. रुग्णाला तोंड धुवायला सांगून २-३ मिली घ्या, सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटे ठेवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ द्रव वापरा. लगेच तपासायचे नसेल तर उणे २० ला गोठवा. लेक्टिन सलाइनमध्ये इतके पातळ करा की ओ सेल्सबरोबर २+ मिळेल. लाळेचा एक थेंब आणि पातळ लेक्टिनचा एक थेंब खोलीच्या तापमानाला ८-१० मिनिटे ठेवा, मग २-५ टक्के ओ सेल्सचा एक थेंब घाला, अर्धा ते एक तास थांबा, फिरवा आणि वाचा. सेल्स चिकटले तर लाळेत एच नाही, म्हणजे नॉन-सिक्रेटर. चिकटले नाहीत तर लाळेतल्या एचने लेक्टिन आधीच अडवले, म्हणजे सिक्रेटर. सोबत तीन नळ्या हव्यातच: माहीत असलेल्या सिक्रेटरची लाळ, नॉन-सिक्रेटरची लाळ आणि नुसते सलाइन.

इथे दोन चुका नेहमी होतात. लेक्टिन पुरेसे पातळ न करणे ही पहिली. लाळेतल्या थोड्या एचला ते सगळे अडवता येत नाही. लाळ न उकळणे ही दुसरी. तिच्यातली एन्झाइम्स रक्तगटाचे द्रव्य खाऊन टाकतात. दोन्ही चुका एकाच दिशेला नेतात: सिक्रेटर असलेला माणूस नॉन-सिक्रेटर दिसतो आणि पॅरा-बॉम्बेवर बॉम्बेचा शिक्का बसतो. सिक्रेटरचा कंट्रोल न लावता दिलेला "नॉन-सिक्रेटर" हा निकाल म्हणून मी मानत नाही.

लाळेवरही थांबू नका. पेशींवर अगदी कमी एच बनवणारे पण लाळेत काहीच नसणारे पॅरा-बॉम्बेही असतात. त्यांच्यासाठी अॅडसॉर्प्शन-इल्यूशन, म्हणजे पेशींवर प्रतिपिंड बसू देऊन, पेशी धुऊन ते परत सोडवून पाहणे. धुतलेल्या पॅक्ड सेल्स १ मिली आणि अँटी-ए १ मिली, ४ अंशांवर एक तास. मग थंड सलाइनने निदान आठ वेळा धुवा, शेवटच्या धुण्याचे पाणी राखून ठेवा, ५६ अंशांवर १० मिनिटे ठेवून इल्यूएट (सुटलेले प्रतिपिंड असलेला द्रव) काढा. इल्यूएट ए१ सेल्सबरोबर चिकटला, ओ सेल्सबरोबर नाही, आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्यात काहीच आले नाही, तरच पेशींवर ए आहे असे म्हणा. हेच अँटी-बी घेऊन पुन्हा. धुणे कमी पडले तर अडकून राहिलेले अँटी-ए तुम्हाला खोटे पॉझिटिव्ह देईल. शेवटचे पाणी तपासायचे ते त्यासाठीच.

लुइस गटही (लुइस-ए आणि लुइस-बी हे आणखी दोन प्रतिजन) लावून ठेवा, स्वस्तात दिशा मिळते. लुइस-बी बनायला सिक्रेटर जनुक लागते, त्यामुळे खऱ्या बॉम्बेत ते दिसत नाही. पण तुमची रुग्ण गरोदर आहे आणि गरोदरपणात लाल पेशींवरचे लुइस प्रतिजन फिके पडतात. आता दोन्ही निगेटिव्ह आले तर त्यावरून काही ठरवू नका, प्रसूतीनंतर काही महिन्यांनी पुन्हा करा.

रुग्णाच्या प्लाझ्मातले अँटी-एच ४ अंश, खोलीचे तापमान आणि ३७ अंश अशा तिन्ही ठिकाणी वाचा. बॉम्बेतले अँटी-एच ३७ अंशांवर काम करते, कॉम्प्लिमेंट बांधते आणि रक्तवाहिनीच्या आतच पेशी फोडते. पॅरा-बॉम्बेत ते बहुधा दुबळे आणि थंडीत चालणारे असते. शिवाय प्लाझ्मा ०.०१ मोलर डीटीटी या रसायनाने ३७ अंशांवर हाताळून पुन्हा टायटर (प्रतिपिंडाची ताकद) काढा. आयजीएम प्रकारचे प्रतिपिंड तुटून जाते. जे उरते ते आयजीजी, आणि बाळापर्यंत तेच पोचू शकते.

परीक्षक_वाचक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "दुर्मिळ आहे" एवढ्याने केस छापण्याजोगी होत नाही. बॉम्बे फिनोटाइप १९५२ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. मुंबईचे भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स असे सात लेखक, आणि मजकूर जेमतेम दोन पानांचा. १९५५ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या अभ्यासातून दाखवले की बी जनुक शाबूत असूनही दुसऱ्या जनुकामुळे ते दबलेले राहते. १९९० च्या दशकात एफयूटी१ (पेशींवर एच बनवणारे) आणि एफयूटी२ (लाळेत एच बनवणारे, म्हणजे सिक्रेटर जनुक) या जनुकांपर्यंत उलगडा झाला: भारतीय बॉम्बेत एफयूटी१ मध्ये ७२५ क्रमांकाच्या जागी टीऐवजी जी, आणि एफयूटी२ पूर्ण गळालेले. प्रत्येक लेखाने आधीच्या लेखात नसलेली एक गोष्ट आणली. तुमच्याकडे अशी कोणती आहे, ते ठरवा.

माझ्या मते ती तुमच्या पहिल्या परिच्छेदातच आहे: बाहेरच्या रिपोर्टवरचा "ओ पॉझिटिव्ह". ही चूक कशी झाली याचा माग काढा. फक्त स्लाइडवर फॉरवर्ड गट (रुग्णाच्या पेशी अँटी-ए, अँटी-बीबरोबर) केला असेल तर कारण उघड आहे. पण रिव्हर्स गट करूनही ही केस निसटू शकते, आणि बऱ्याच लेखांत नेमके हेच सांगायचे राहून जाते. रिव्हर्सला फक्त ए आणि बी सेल्स घेतले तर दोन्ही चिकटतात. साध्या ओ माणसातही दोन्ही चिकटतातच. फॉरवर्ड आणि रिव्हर्स छान जुळले असे दिसते आणि रिपोर्ट सही होऊन जातो. तिसऱ्या नळीत ओ सेल्स असते तरच गडबड कळली असती. तातडीत क्रॉसमॅचशिवाय ओची पिशवी लावली गेली असती तर काय झाले असते, हे तुमच्या ३७ अंशांवरच्या वाचनावरून सांगता येईल. ओ सेल्सची ती एक नळी हा तुमच्या लेखाचा गाभा करा आणि शीर्षकातही तेच येऊ द्या. "अ रेअर केस ऑफ" अशी सुरुवात नको.

मांडणीला केअर या केस रिपोर्टसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची यादी समोर ठेवा. ती २०१३ मध्ये आली आणि अनेक जर्नल्स ती मागतात. तारखांऐवजी दिवस ०, दिवस १ असा कालक्रम द्या. सगळ्या प्रतिक्रिया एका तक्त्यात: तापमान, पद्धत, ग्रेड, कंट्रोल. निगेटिव्ह निकालही लिहा. आधी कधी रक्त दिले गेले का, आधीच्या बाळंतपणांचे काय, आईवडील नात्यातले आहेत का, हे सुटू देऊ नका. जनुकीय तपासणी केली नसेल तर "सेरॉलॉजीनुसार बॉम्बे" असे लिहा आणि ही मर्यादा तुम्हीच सांगा. पबमेडवर बॉम्बे फिनोटाइप, पॅरा-बॉम्बे, एच-डेफिशियंट अशा सगळ्या नावांनी शोधल्याशिवाय "पहिलीच केस" हे शब्द वापरू नका.

जर्नल निवडताना: ४८ तासांत स्वीकृतीची हमी देऊन शुल्क मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नका. रक्तसंक्रमणाचे जर्नल किंवा एखादे जुने सर्वसाधारण वैद्यकीय जर्नल बघा, आणि केस रिपोर्ट घेतात की फक्त पत्ररूपात छापतात हे त्यांच्या सूचनांत आधी वाचा.

पॅथ_निवासी

खूप आभार. बाहेरच्या लॅबकडे विचारले: रिव्हर्स केले होते, ओ सेल्स नव्हते. आणखी दोन शंका. संमती रुग्णाची पुरे की घरच्यांचीही? आणि बाळाचा गट आला की तो लेखात द्यावा का?

सेरोफ्यूज

बाळाच्या गटाबद्दल आधी कागदावर लिहून ठेवा, मग लेखाचे पाहा. आई कागदोपत्री "ओ" होती. तिच्यात ए किंवा बी जनुक दडलेले असू शकते, आणि वडिलांकडून एच मिळाल्यावर ते बाळात उघड होते. वडील ओ, आई "ओ", बाळ बी, असे झाले की घरात नको ते प्रश्न उठतात. प्रसूतीआधीच रुग्णाच्या फाइलमध्ये आणि डिस्चार्ज कार्डवर हे स्पष्ट लिहा, आणि तिला व तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगा. बाळाचा रिव्हर्स गट पहिले ४-६ महिने भरवशाचा नसतो, तो करून गोंधळ वाढवू नका.

परीक्षक_वाचक

रुग्णाची लेखी संमती लागतेच; तिने मजकूर वाचलेला किंवा तिला मराठीत वाचून दाखवलेला असावा. भावंडांचे गट, वंशावळ, बाळाचा निकाल छापणार असाल तर भावंडांचीही स्वतंत्र संमती घ्या आणि बाळासाठी पालकांची. नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे समजू नका. भारतात प्रमाण साधारण दहा हजारांत एक सांगतात. गाव, जात, प्रसूतीचा महिना आणि भावंडांची संख्या एकत्र आली की तालुक्यात कुणीही ओळखेल. वंशावळीत लिंग आणि वयाचा क्रम झाकता येतो, झाका. एकट्या केससाठी नैतिकता समितीची मंजुरी लागते की नुसती माहिती पुरते, हा नियम संस्थेगणिक वेगळा असतो. समितीच्या सचिवांना लेखी विचारून उत्तर जपून ठेवा, जर्नल मागेल.

आता पत्राचा प्रश्न. जरूर लिहा, पण मुद्दा एकच ठेवा: लाळ आणि इल्यूशन नसताना पॅरा-बॉम्बे वगळता येत नाही, आणि तो फरक रुग्णाच्या पुढच्या रक्तसंक्रमणाला लागू पडतो. त्या लेखातली अँटी-एचची कोणती वाचने हवी होती ते नेमके मागा. लेखकांकडे ती असतील तर उत्तरात येतील आणि वाचकांचा फायदाच होईल. "लेखकांनी निष्काळजीपणा केला" असल्या वाक्यांना जागा नको. तुमची स्वतःची अप्रकाशित केस पत्रात घुसवू नका, ती मग लेख म्हणून जाणार नाही. किती दिवसांत पत्र घेतात आणि शब्दमर्यादा काय, हे जर्नलवर अवलंबून असते, पण मुदत बऱ्याचदा थोडक्या आठवड्यांची असते, म्हणून आधी पत्र, मग रिपोर्ट. छोट्या पत्राला कमी लेखू नका. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळांत व्यंगे येतात का, याबद्दल डॉक्टर मॅकब्राइड यांचे डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेले पत्र मोजक्या ओळींचे होते, आणि त्याच्या शेवटी वाचकांना विचारले होते की तुम्हीही अशी बाळे पाहिलीत का.

संमती नव्हती किंवा आकडे बनावट आहेत असा संशय असेल तर मात्र जाहीर पत्र नको. संपादकांना खासगीत कळवा.

प्रसूती_भूल

लेख होईल, पण प्रसूती त्याआधी आहे. हिमोग्लोबिन ७.८ असताना तिचे स्वतःचे रक्त आधी काढून ठेवता येणार नाही, त्याला साधारण ११ लागते. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज (शिरेतून द्यायचे लोह) देत असाल तर एका वेळी १००० मिलिग्रॅमच्या वर नाही आणि पुढचा डोस आठवड्यानंतर. गरोदरपणाआधीच्या वजनावर हिशेब करा. बी१२ आणि फोलेट तपासा. रोजच्या तपासण्यांना लहान मुलांच्या नळ्या वापरा. प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला तर ट्रानेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून, तीन तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितके चांगले. प्लाझ्मा लागला तर तो कोणत्याही एबीओ गटाचा चालतो, तिच्या पेशींवर ए, बी, एच काहीच नाही. अडचण फक्त लाल पेशींची.

त्यासाठी आजच सख्ख्या भावंडांना बोलवा. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक भावंड बॉम्बे असण्याची चारात एक शक्यता असते. सापडलेला दाता प्रसूतीच्या तारखेआधी फार लवकर घेऊ नका, सीपीडीए हे रक्त टिकवणारे द्रावण असलेली पिशवी ३५ दिवस टिकते आणि एसएजीएम द्रावणाची ४२. भावंडांत कुणी नसेल तर परळच्या केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीशी रक्तपेढीमार्फत बोला. नमुन्याची खातरजमाही तिथे होईल आणि तुमच्या लेखातला जनुकीय तपासणीचा प्रश्नही तिथेच विचारता येईल. पाठवताना ईडीटीएची एक नळी, एक साधी नळी आणि उकळून गोठवलेली लाळ द्या. चिठ्ठीवर गरोदरपणाचा आठवडा आणि आधी रक्त दिले की नाही ते लिहा.

पॅथ_निवासी

तीन भावंडे आहेत, दोघे उद्या येणार आहेत. फॉरवर्ड, ओ सेल्ससह रिव्हर्स आणि लेक्टिन लावतो. लाळही त्याच वेळी घेऊ का?

सेरोफ्यूज

घ्या, पण आधी संमती. लेक्टिन पॉझिटिव्ह आलेल्या भावंडाची लाळही फेकू नका. तो सिक्रेटर निघाला तर तुमचा सिक्रेटर कंट्रोल घरच्या घरी मिळाला. नॉन-सिक्रेटर कंट्रोल मात्र बाहेरूनच आणावा लागेल, रुग्णाची लाळ त्यासाठी वापरू नका.