मदत हवी आहे : डिस्ने वर्ल्डच्या रिसॉर्ट हॉटेलांमध्ये शाकाहारी ज्येष्ठांनी जेवावे कुठे?

शेवंती :

नमस्कार. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण फ्लोरिडातील ऑरलँडो येथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहायला जाणार आहोत. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा जानेवारीच्या सुरुवातीला सांगलीहून येतील आणि सोबत आमची सात वर्षांची मुलगी व दोन वर्षांचा मुलगा असेल. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. दुपारच्या उन्हात खोलीवर येऊन थोडे पडता यावे आणि गाडी चालवावी लागू नये, म्हणून डिस्नेच्याच रिसॉर्ट हॉटेलात उतरायचे हेही ठरले आहे. सगळे अडले आहे ते जेवणापाशी.

आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिला अंडे केकमधलेसुद्धा चालत नाही. कांदा-लसूण चालतो. मांसाहारी पदार्थांच्या शेजारी मांडलेले आणि त्याच चिमट्याने वाढून घेतलेले अन्न तिच्या घशाखाली उतरत नाही, आणि या वयात तिने ते सोडून द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. बाबांना मधुमेह आहे. ते जेवणाआधी इन्सुलिन घेतात, त्यामुळे दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सात या वेळा सांभाळाव्या लागतात. अर्धा तास मागेपुढे झाला तर चालते, त्याहून अधिक नाही. एरवी प्रवासात आम्ही दोघे पिझ्झ्याचा तुकडा उभ्याउभ्या खाऊन पुढे जातो, पण आई-बाबांना पाच दिवस कोशिंबीर आणि तळलेल्या बटाट्यांवर काढायला लावणे मला मान्य नाही. जेवायला बसल्यावर आपल्यामुळे इतरांची अडचण होते आहे, असे त्यांना एकदाही वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आतापर्यंत जे वाचले त्यावरून दोन पर्याय समोर आहेत. पहिला ॲनिमल किंगडम लॉजचा. तिथल्या किदानी व्हिलेज या इमारतीत सनाआ नावाचे उपाहारगृह आहे, त्याच्या पदार्थांवर आफ्रिकी आणि भारतीय अशा दोन्ही पद्धतींची छाप आहे. पाच प्रकारच्या रोट्या आणि त्यांच्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची असे एक ताट तिथे मिळते, असे अनेकांनी लिहिले आहे. तिथला हॉल मैदानाकडे उघडतो आणि खिडकीतून जिराफ व झेब्रे चरताना दिसतात. शेजारच्या जांबो हाउस इमारतीत बोमा नावाचे बुफे आहे. मात्र हे हॉटेल महाग आहे आणि आम्हाला दोन खोल्या लागतील. दुसरा पर्याय पॉप सेंच्युरीचा. तो पुष्कळ स्वस्त आहे आणि स्कायलायनरच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांतून एप्कॉट व हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना थेट जाता येते, परंतु तिथे केवळ फूड कोर्ट आहे, बसून जेवण्याचे उपाहारगृह नाही.

जेवणासाठी म्हणून महागड्या लॉजमध्ये राहणे योग्य ठरेल का, की स्वस्त हॉटेलात राहून जेवायला इतर हॉटेलांत जावे? तसे जाता येते का? बोमाच्या बुफेत आईचे जमेल का? मॅजिक किंगडम पार्कच्या दिवशी दुपारी साडेबाराला बाबांना शांतपणे बसून जेवता येईल, अशी जागा जवळच्या कोणत्या हॉटेलात आहे? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

दक्षिणवारा :

शेवंती, आम्ही टॅम्पाला राहतो, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन डिस्नेला वरचेवर जाणे होते, आणि त्या पाहुण्यांत आपल्या आईंसारखे कडक शाकाहारी बरेच असतात.

सनाआसाठी लॉजमध्ये राहू नका. डिस्नेच्या कोणत्याही रिसॉर्ट हॉटेलात बाहेरच्यांना जेवायला जाता येते. आरक्षण असले म्हणजे झाले. लॉज इतर सगळ्यांपासून दूर आहे, तिथे मोनोरेल नाही, पाळणेही नाहीत, फक्त बस आहे. एका जेवणाच्या सुखासाठी पाच दिवस म्हाताऱ्या माणसांना लांबच्या बसप्रवासाला लावणे मला पटत नाही. आपण एक तिसरा पर्याय जरूर पाहा. पॉप सेंच्युरीच्या समोरच, तळ्यावरचा पूल ओलांडला की आर्ट ऑफ ॲनिमेशन नावाचे हॉटेल आहे. तिथल्या फॅमिली स्वीटमध्ये सहा माणसे राहू शकतात, दोन न्हाणीघरे असतात आणि, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छोट्या फ्रिजबरोबर मायक्रोवेव्हही असतो. पॉप सेंच्युरीसारख्या साध्या खोल्यांत फ्रिज मिळतो, मायक्रोवेव्ह मिळत नाही. पाळण्यांचे स्थानक दोन्ही हॉटेलांचे एकच आहे. दोन साध्या खोल्यांचे भाडे आणि एका स्वीटचे भाडे शेजारी ठेवून पाहा, आणि त्यात घरचे गरम जेवण धरा.

सनाआला एकदा नक्की जा, मात्र रात्री नव्हे. मार्चमध्ये तिकडे सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होतो, आणि अंधार पडला की खिडकीबाहेर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. ज्या दिवशी ॲनिमल किंगडम पाहणार असाल, त्या दिवशी सकाळी लवकर पार्कात जाऊन साडेबाराचे आरक्षण ठेवा. पार्कातून लॉजला जाणारी बस थोड्याच वेळात पोहोचवते. रोट्यांच्या ताटात नान, कुलचा, पनीरचा पराठा असे प्रकार असतात. सोबत काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचे लोणचे वगैरे. चव आपल्या घरची नाही, हे आईंना आधी सांगून ठेवा, पण गरम रोटी मोडून चटणीला लावून खाण्याचे समाधान त्यांना मिळेल. कोणत्या रोटीच्या पिठात अंडे आहे, हे वाढणाऱ्याला आधीच विचारा. प्रश्न आला की तिथे आचारी स्वतः बाहेर येऊन बोलतात आणि त्यांना त्याचा त्रास वाटत नाही. आईंना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून हे आरक्षण करतानाच लिहून ठेवता येते.

बोमा आईंसाठी नको. सूप, डाळी, भाज्या, भात असे शाकाहारी पदार्थ तिथे पुष्कळ असतात आणि मला स्वतःला ते बुफे फार आवडते, परंतु मांसाचे आणि भाजीचे भांडे एकाच रांगेत असते आणि पन्नास हात त्यातून वाढून घेत असतात. तिथे झेब्रा डोम नावाचा चॉकलेटच्या आवरणाचा एक गोड पदार्थ फार प्रसिद्ध आहे, मुले तो हटकून उचलतात. त्यातल्या क्रीममध्ये अमारुला हे मद्य असते, हे ध्यानात ठेवा.

एक सोपी खूणगाठ सांगते. 2019 पासून डिस्नेने मेनूवर शाकाहारी पदार्थांपुढे हिरव्या पानाची खूण छापायला सुरुवात केली. त्या खुणेचा अर्थ मांस, दूध, अंडे आणि मध यांपैकी काहीही नाही, असा आहे. म्हणजे अंड्याची शंका मिटते. मात्र त्यातले बरेच पदार्थ वनस्पतींपासून केलेल्या नकली मांसाचे असतात. दिसायला आणि चावायला ते हुबेहूब मांसासारखे असल्यामुळे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच घासाला ताट बाजूला सारले होते. मागवण्यापूर्वी वर्णन नीट वाचा. हरभरे, डाळ, भाज्या असे शब्द दिसले तरच मागवा.

मॅजिक किंगडमच्या दिवशी मोनोरेलवरची तीन हॉटेले हाताशी असतात : कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन. कंटेम्पररीला तर प्रवेशद्वारापासून चालतही दहा-एक मिनिटांत जाता येते. आपल्या कुटुंबासाठी मी ग्रँड फ्लोरिडियन कॅफे सुचवेन, कारण तिथे बसायला ऐसपैस जागा आहे आणि गोंगाट कमी. पॉलिनेशियनच्या ओहाना या उपाहारगृहाचे नाव पुष्कळ ऐकाल, पण तिथले रात्रीचे जेवण मुख्यतः भाजलेल्या मांसाचे असते आणि दर शाकाहारींनाही तेवढाच पडतो. त्याऐवजी त्याच हॉटेलच्या आवारात अननसाचे डोल व्हिप हे आइस्क्रीमसारखे थंड मिळते; त्यात दूधही नसते, अंडेही नसते. बाबांना मात्र एखादाच चमचा द्या, साखर भरपूर असते.

आरक्षण 60 दिवस आधी उघडते. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या 60 दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची आरक्षणे एकदम करता येतात. म्हणजे आपले काम जानेवारीच्या मध्याला, पहाटे उठून करण्याचे आहे. मार्चमध्ये शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या असतात आणि सहा जणांचे टेबल लवकर संपते. दोन वर्षांच्या बाळालाही संख्येत धरावे लागते. बेत बदलला तर दोन तास आधी रद्द करा, नाहीतर माणशी 10 डॉलर कार्डावर पडतात.

माडाची सावली :

वरील सर्व माहितीशी सहमत. दोनच गोष्टी जोडतो. हॉटेलबरोबर डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरण्याची योजना, घेण्याचा आग्रह होईल, तो घेऊ नका. खोलीतील तीन वर्षांच्या व त्यावरील प्रत्येकाला तो घ्यावा लागतो आणि शाकाहारी पदार्थांच्या किमती मांसाहारी पदार्थांपेक्षा सहसा कमी असल्याने आपले पैसे वसूल होत नाहीत. दुसरे असे की सहा किंवा अधिक माणसांच्या बिलावर 18 टक्के टिप आपोआप लावलेली असते, म्हणून बिल वाचल्याशिवाय वेगळी टिप देऊ नका.

बाबांच्या सातच्या जेवणासाठी फूड कोर्टच बरे, असे माझे मत आहे. डिस्नेच्या ॲपवरून आधीच पदार्थ मागवून येण्याची वेळ निवडता येते आणि आपण पोहोचलो की ते तयार करायला घेतात. इन्सुलिन मात्र ताट समोर आल्यावरच घ्यावे. आरक्षण असले तरी बसायला पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते, हे वडिलांबरोबर मी पाहिले आहे.

शेवंती :

दोघांचेही मनापासून आभार. आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या स्वीटचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. भाडे पाहिले; दोन साध्या खोल्यांपेक्षा थोडे अधिक आहे, पण मायक्रोवेव्ह आणि दुसरे न्हाणीघर पाहता ते आम्हाला योग्य वाटते. सनाआ दुपारी साडेबाराला आणि ग्रँड फ्लोरिडियन कॅफे मॅजिक किंगडमच्या दिवशी, असे ठरवत आहोत. उरलेल्या संध्याकाळी फूड कोर्ट आणि घरचे थोडे.

एक शंका राहिली. त्या आठवड्यात आईची एकादशी येते. पार्कात घरचे खाणे नेऊ देतात का, आणि उपासाचे काय करावे?

दक्षिणवारा :

नेऊ देतात. काचेच्या बाटल्या-बरण्या आणि गरम करावे लागणारे पदार्थ नकोत, ही मुख्य अट आहे. दशम्या, थेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी पिशवीत घालून खुशाल न्या. पिण्याचे थंड पाणी झटपट खाण्याच्या कोणत्याही दुकानात पेलाभर फुकट मागता येते. विमानात मात्र लोणचे, ओली चटणी आणि तूप 100 मिलीपेक्षा अधिक असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही, ते चेक-इनच्या सामानात ठेवा.

एकादशीसाठी साबुदाणा, दाण्याचे कूट, जिरे आणि तूप घरूनच न्या. आदल्या रात्री साबुदाणा भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मोठ्या काचेच्या भांड्यात तूप-जिरे मिनिटभर गरम करून, त्यात कूट व मीठ लावलेला साबुदाणा घाला आणि दर मिनिटाला बाहेर काढून हलवत चार-पाच मिनिटे फिरवा. एकदम पाच मिनिटे लावलेत तर गोळा होतो. बटाटा आधी वेगळा शिजवून घ्या. मायक्रोवेव्हचे ते भांडे घरून न्यायला विसरू नका, कारण खोलीत भांडी नसतात. केळी आणि दही फूड कोर्टात मिळते.