अनुभव सांगा: २० मे २०२४ला तुमच्या मतदान केंद्रावर काय घडलं?

ठाणे लोकसभेचं मतदान झाल्यापासून लोकलमध्ये, सोसायटीत एकच वाद चालू आहे, निवडणूक सरळ झाली की नाही. ऐकीव गोष्टी पुष्कळ झाल्या. मिरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत ज्याने जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा, पक्ष कुठलाही असो.

घणसोली
बायकोने २०१९ला याच शाळेत मत दिलं होतं. यावेळी यादीत मी आहे, ती नाही. ओळखपत्र हातात होतं, पण यादीत नाव नसेल तर त्याचा उपयोग नाही. नाव वगळायला ७ नंबरचा अर्ज लागतो. तो कोणी भरला, नोटीस कुठे गेली, तिथे कोणालाच सांगता येईना. ती उन्हात उभी राहिली आणि मी आत जाऊन मत देऊन आलो. फार वाईट वाटलं. आता तिचा ६ नंबरचा, नाव नोंदवायचा अर्ज भरलाय.

नेरूळ
बाबांच्या नावापुढे आधीच कोणाची तरी सही! "माझं बोट बघा, शाई कुठे आहे?" बाबा चिडले. ओळख पटल्यावर त्यांना कागदी मतपत्रिका मिळाली, टेंडर वोट. ती वेगळ्या पाकिटात जाते, मोजणीत धरत नाहीत. पण आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्याची लेखी नोंद तेवढीच राहते. ती घेतल्याशिवाय परत फिरू नका.

वर्तकनगर, पोलिंग एजंट (केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी)
पहाटे मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची मशीनची चाचणी झाली. किमान ५० मतं टाकायची, निकाल व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या मशीनच्या) चिठ्ठ्यांशी जुळवायचा, मग मशीन कोरं करायचं. त्या चिठ्ठ्या शिक्के मारून काळ्या पाकिटात सीलबंद. आमच्याकडे सगळं जुळलं, म्हणून मशीनला सरसकट दोष देणं मला पटत नाही. काळजी वाटते ती संध्याकाळची. सहाला रांगेत असलेल्यांना मागच्या टोकापासून रांगेच्या नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या. मतदान आटपेपर्यंत बरेच एजंट निघून गेले होते. १७-सी फॉर्मवर एकूण मतं आणि सीलचे नंबर असतात, त्याची सही केलेली प्रत एजंटला मिळते. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या मशीनचा) आकडा त्याच प्रतीशी ताडायचा असतो. प्रत घ्यायला माणूसच नसेल तर कशाशी ताडणार?

पाचपाखाडी
व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. मोतीबिंदू असलेल्या आईची नजर लागेपर्यंत ती खाली पडलीसुद्धा. विधानसभा क्षेत्रामागे ५ व्हीव्हीपॅटच्याच चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिलला फेटाळली. मला तरी वाटतं, वेळ लागला तरी चालेल, सगळ्या मोजाव्यात.

ऐरोली
घणसोलीच्या दादांना: अर्ज भरून थांबू नका. बीएलओ (केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी) पडताळणीला येतात तेव्हा घरी कोणीतरी असू द्या. प्रारूप (कच्ची) यादी लागली की वहिनींचं नाव स्वतः बघा, नसेल तर मुदतीतच दावा दाखल करा.