हायब्रिड तासाला आधी माइक, मग कॅमेरा. पटतं का?

रेघोटी:
गेली तीन वर्षं मी एम.ए.चं अर्थशास्त्र हायब्रिड पद्धतीनं शिकवते आहे. वर्गात पंचवीसेक मुलं, लिंकवर दहा-बारा. लिंकवरची बहुतेक नोकरी करणारी. दोघी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ऐकतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला, त्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. आमच्याकडे त्यानंतर खरेदी झाली ती मोठ्या पडद्याची आणि फिरत्या कॅमेऱ्याची. माइकचा विषय कुणी काढलाच नाही. मीही नाही.

पहिल्या सत्राच्या शेवटी लिंकवरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही फळ्याकडे वळलात की आवाज जातो. आणि वर्गातली मुलं काय विचारतात ते मला चार महिन्यांत एकदाही ऐकू आलेलं नाही." म्हणजे चार महिने तो नुसती उत्तरं ऐकत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यांना वर्गात बोलायला उभं केलं आणि मी स्टाफरूममध्ये हेडफोन लावून लिंकवर बसले. पंख्याची घरघर, बाकं सरकल्याचे आवाज आणि त्यांच्या पार मागे कुठेतरी सर. आपला वर्ग असा पलीकडे बसून एकदा तरी ऐकाच.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. कॉलरचा माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असतो, टेबलावरचा लॅपटॉप ३ मीटरवर. फरक २३ डेसिबलच्या आसपास. बंद वर्गात पंखा आणि भिंतींचा घुमारा जिथल्या तिथे राहतो, आपला थेट आवाज तेवढा पातळ होतो. म्हणून पहिला खर्च बिनतारी कॉलर माइकवर करा, आणि त्याचा रिसीव्हर ज्या लॅपटॉपचा स्पीकर चालू आहे त्यालाच लावा. प्रतिध्वनी कापण्याचं काम तो लॅपटॉप करतो, आणि त्याला स्वतः बाहेर टाकलेला आवाजच ओळखता येतो. माइक एका यंत्राला आणि स्पीकर दुसऱ्या यंत्राला असला की लिंकवरच्या मुलाला स्वतःचंच बोलणं उलटून ऐकू येतं, मग तो बोलायचंच सोडतो.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. वर्गातून प्रश्न आला की उत्तराआधी तो स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणा.

आणि व्हिडिओ? झूमच्याच आकड्यांप्रमाणे गटाच्या कॉलमध्ये चांगल्या चित्राला सेकंदाला १ मेगाबिट लागतो, नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट. तासाचा हिशेब केला तर ४५० एमबी विरुद्ध ३६ एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर चार तास पूर्ण चित्रासह बघताच येत नाहीत. माझं म्हणणं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, आवाज शाबूत हवा.

सह्यकडा:
माइकबद्दल वाद नाही, रेघोटीताई. माझा आक्षेप मुळालाच आहे. एकाच वेळी समोरच्यांना आणि लिंकवरच्यांना शिकवणं म्हणजे दोन दगडांवर पाय. मी तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत इतिहास शिकवतो. चॅट बघायला वळलो की समोरच्यांची तंद्री तुटते, समोर रंगलो की लिंकवरचे वाऱ्यावर. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ब्रायन बीटी यांनी २००६च्या सुमारास अशी रचना उभी केली, तेव्हा वर्गात येणं, लाइव्ह बसणं किंवा सवडीनं करणं यांतली निवड विद्यार्थ्याकडे होती, आणि तिन्ही वाटांना सारखंच साहित्य तयार करायचं होतं. आपल्याकडे तो तयारीचा भाग गळाला, फक्त लिंक उरली.

मी दहा-बारा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करतो, फळ्याचे फोटो जोडतो आणि ग्रुपवर टाकतो. आठवड्यातून एक तास फक्त लिंकवरच्यांचा, शंकांसाठी. माझी निम्मी मुलं टेकडीवर चढल्याशिवाय रेंज न मिळणाऱ्या गावांतली आहेत. त्यांना लाइव्ह तास म्हणजे तुटक तुटक अक्षरं. ध्वनिमुद्रण एकदा उतरवून घेतलं की एसटीत बसूनही ऐकता येतं.

रेघोटी:
सह्यकडा सर, ध्वनिमुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही. परवा व्याजदर शिकवताना लिंकवरच्या एका मुलीनं मधेच विचारलं, "मग व्याजदर वाढवल्यावर रुपया का सावरतो?" तिथून पुढचा अर्धा तास परकीय भांडवलावर गेला आणि वर्गातली मुलंही त्यात उतरली. तो प्रश्न आठवडाभर थांबला असता तर विझला असता. शिवाय ध्वनिमुद्रणं साठत जातात. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बावीस फाइली एकदम ऐकायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

रात्रपाळी_चाकण:
मी विद्यार्थी आहे, एम.कॉम. पहिलं वर्ष. माझी पाळी सकाळी सुटते, पहिला तास साडेसातला. लाइव्ह तासाला बसमध्ये झोपेत असतो, नाव मात्र हजेरीत असतं. मला रेकॉर्डिंगच हवं, पण अख्ख्या तासाचं नको. हजेरी, "आवाज येतोय का" आणि नोटिसा धरून पहिली बारा मिनिटं तशीच जातात. कृपा करून फाइलीला नाव द्या: विषय, घटक, तारीख. 'रेकॉर्डिंग नवीन २' अशा नावाच्या फाइली शोधताना मी रडकुंडीला येतो. आणि खाली दोन ओळीत लिहा की कितव्या मिनिटाला काय आहे.

तिवई:
आमच्या रसायनशास्त्रात हा क्रम उलटा आहे. अनुमापन (थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाचं प्रमाण मोजणं) दाखवताना आवाज गेला तरी चालतं, रंग गेला की संपलं. फेनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा अंतिम बिंदू, म्हणजे जिथे थांबायचं ती खूण, ही जेमतेम टिकणारी फिकट गुलाबी छटा. कॅमेरा प्रकाश आणि पांढरेपणा आपोआप जुळवत बसतो आणि ती छटा धुऊन टाकतो. मुलं मग गडद गुलाबी होईपर्यंत थांबतात आणि वाचन चुकतं. मी मोबाइल स्टँडवर लावते, शंकुपात्राखाली पांढरी टाइल ठेवते, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश पक्का करते आणि आधीच चित्रित करून ठेवते. तासात ते चित्रण थांबवत थांबवत दाखवते. इथे मी सह्यकडा सरांच्या बाजूनं.

मंद्रसप्तक:
गायन शिकवणाऱ्यांसाठी एक भर. कॉलची प्रणाली तानपुऱ्याला गोंगाट समजते आणि कापते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असा तिचा हिशेब. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करून ठेवा. तरी एकत्र गाणं जमत नाही, पलीकडचा सूर उशिरा पोचतो. म्हणून शिष्यानं तानपुरा स्वतःकडे लावायचा आणि पाळीपाळीनं म्हणायचं.

पानगळ:
रेघोटीताई, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. मी लहानपणापासून कमी ऐकते. यंत्र लावते, तरी निम्मं ओठांवरून कळतं. "कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल" हे ज्या दिवशी शिक्षक म्हणतात त्या दिवसापासून मी वर्गाबाहेर असते. वर्गात मी पहिल्या बाकावर बसत असे. लिंकवर माझं पहिलं बाक म्हणजे शिक्षकांचा चेहरा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, ओठ दिसत नाहीत, म्हणून ती समोर हवी. आणि बोलताना फळ्याकडे वळू नका. आधी लिहा, मग तोंड इकडे करून बोला. माइक कितीही महागाचा घेतलात तरी मला त्याचा उपयोग नाही.

रेघोटी:
पानगळ, माझं चुकलं. डेटा वाचवण्याचा हिशेब मी मुलांच्या कॅमेऱ्यांना धरून केला आणि स्वतःच्या कॅमेऱ्यालाही तोच लावून मोकळी झाले. शिक्षकाचा चेहरा चालूच राहिला पाहिजे. ज्याचा पॅक संपत आला असेल त्यानं आपल्या बाजूनं येणारं चित्र बंद करावं. झूममध्ये तशी सोय आहे, आवाज सुरू राहतो. उद्यापासून टेबल खिडकीकडे तोंड करून लावते.

तिवई मॅडम, तुमच्या विषयात चित्र आधी, मान्य. पण थिअरीच्या तासाला मी माझ्या मतावर ठाम आहे.

सह्यकडा:
मग चॅट कोण बघणार, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

रेघोटी:
आमच्याकडे आठवड्याला एक विद्यार्थी पाळीनं बघतो. लिंकवर हात वर झाला की तो वर्गात हात वर करतो. मी कधीच पडद्याकडे वळत नाही.

सह्यकडा:
म्हणजे त्या आठवड्यात त्या मुलाचं शिकणं अर्धंच. फी तोही भरतो. हे काम संस्थेनं माणूस नेमून करायला हवं, आणि संस्था जोवर नेमत नाही तोवर मी दोन्हीकडे एकदम तास घेणार नाही. तासिकेच्या मानधनात हे दुसरं काम धरलेलंच नाही. मात्र प्रश्न पुन्हा म्हणायची तुमची सवय मी ध्वनिमुद्रणात आणतो. शंकांच्या तासातले प्रश्न पुढच्या फाइलीच्या सुरुवातीला घेईन, विचारणाऱ्याच्या शब्दांत. आणि फाइलींची नावं आज रात्रीच बदलतो. 'रेकॉर्डिंग नवीन' माझ्याकडेही नऊ निघाल्या.