अनुभव धागा : लहान मुलांसह निवांत बऱ्हाणपूर

भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीतून बऱ्हाणपूरचे स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, पण तेथे उतरून मुलाबाळांसह मुक्काम करणारे थोडेच. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि पुढे मोगलांच्या दख्खन मोहिमांचा मुख्य तळ झालेले हे तापीकाठचे शहर एका दिवसात उरकण्याजोगे नाही, असे माझे मत आहे. दहा वर्षांखालील मुलांना घेऊन ज्यांनी तेथे सावकाश मुक्काम केला, त्यांनी लिहावे. काय काय पाहिले यापेक्षा दिवस कसे गेले, हे वाचायला अधिक आवडेल.

दोन मुलांची आई, पुणे

आम्ही एकच नियम पाळला : सकाळी एक वास्तू, दुपारी झोप आणि संध्याकाळी नदी. शाही किल्ल्यातला हमाम पाहायला मोठ्यांना अर्धा तास पुरतो. माझी धाकटी मात्र तेथे आडवी होऊन छतावरची रंगवलेली फुले मोजत बसली आणि आकडे येईनासे झाले की पुन्हा एकपासून सुरुवात करत राहिली, त्यामुळे आमची अख्खी सकाळ त्या एका दालनात गेली. तिला उठवण्याची घाई नव्हती, हेच या मुक्कामाचे सुख. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. नुकतीच बाराखडी शिकलेल्या थोरल्याला त्यातली दोन-चार अक्षरे ओळखता आली, तेव्हा इतिहासाच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा त्याला त्याचाच अधिक अभिमान वाटला. संध्याकाळी राजघाटावर जावे. तापीच्या पात्रातला दगडी हत्ती दिसला की मुले दुसरे काही मागत नाहीत.

एक आजोबा, जळगाव

नातवंडांना शिवकालाच्या गोष्टी पाठ आहेत, म्हणून मी त्यांना मुद्दाम बोहरडा गावाजवळ, तापी आणि मोहना यांच्या संगमावर असलेल्या राजाच्या छत्रीकडे नेले. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ ही छत्री उभी राहिली. १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी याच शहराच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला, हेही मी ओघात सांगितले. त्यावर नातीने विचारले, ‘‘आजोबा, म्हणजे हे शत्रूचे गाव होते का? मग इथले रिक्षावाले मराठी कसे बोलतात?’’ रावेर आणि मुक्ताईनगर येथून हाकेच्या अंतरावर आहेत, राज्याची सीमा पुढे कागदावर आखली गेली आणि केळीच्या बागा दोन्हीकडे सारख्याच आहेत, हे तिला परतीच्या वाटेवर खिडकीतून दाखवता आले.

एका मुलाचे वडील, नाशिक

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे, तेव्हा कुंडी भंडाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, ही योजना बांधली गेली. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच अडवून जमिनीखालच्या बोगद्याने, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणले आहे. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या खणलेल्या आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक होती आणि हवा खेळती ठेवणे व साफसफाई ही दोन्ही कामे त्यांतून होत. पाणी उपसण्यासाठी ना मोट लागली, ना रहाट. लिफ्ट चालू असेल तर सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते, परंतु चौकशी आदल्या दिवशीच करावी. मुलाला एवढ्या खोल नेण्याची भीती वाटत असेल, तर वर थांबूनही बरेच समजते : एका कुंडीच्या तोंडापाशी उभे राहावे आणि पुढची कुंडी कोठे आहे हे मुलालाच शोधू द्यावे. माझा मुलगा असा रांगेने चालत गेला आणि आपण पाण्याच्या डोक्यावरून चालतो आहोत, हे त्याला कोणी न सांगता उमगले. पाण्यातील चुन्यामुळे आतल्या भिंतींवर पांढरी पुटे चढली आहेत, हाताला ती खरखरीत लागतात. ही जागा लालबाग भागात, स्टेशनच्या बाजूला आहे, म्हणून पोहोचल्या दिवशीच शहरात शिरण्याआधी ती पाहण्याचा मोह होतो. तसे करू नये. प्रवासाने शिणलेले मूल येथे काहीच पाहत नाही.

तीन वर्षांच्या मुलीची आई, ठाणे

बाबागाडी घरीच ठेवा, जुन्या शहराच्या गल्ल्यांत ती निरुपयोगी ठरते. मावा जिलबी जड असते, मुलांना अर्धीच द्यावी. रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा मात्र आमच्या लेकीने चमच्याने संपवला. खरबुजाच्या फोडींसारख्या घुमटामुळे ‘खरबुजा महल’ म्हटली जाणारी शाहशुजाच्या बेगमेची कबर लहानशी आहे आणि छोट्या पायांना अगदी बेताची आहे. अशीरगड आम्ही सोडून दिला. गाडी बरीच वर जाते हे खरे, पण उघड्या तटांवर तीन वर्षांचे मूल सांभाळताना पालकांना काहीच पाहता येत नाही.

एक आत्या, इंदूर

वरील सूचनेशी मी सहमत नाही. भाचरे आठ-नऊ वर्षांची असतील तर अशीरगड अवश्य करावा, फक्त त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये. आहुखान्याबद्दल मात्र आधी विचार करून जावे. १६३१ मध्ये बाळंतपणात मुमताजचा मृत्यू झाला, तेव्हा तिला प्रथम तापीपलीकडे जैनाबादच्या या बागेत पुरले होते आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेले. ते चौदावे मूल होते, हे ऐकल्यावर भाचीने आईला बाळ होताना काय होते, असे विचारले आणि तो विषय रात्री झोपेपर्यंत चालला. मला त्यात गैर वाटले नाही, पण उत्तराची तयारी असावी. शेवटी ऋतूविषयी : मार्चनंतर खानदेशातल्यासारखेच ऊन येथेही असते, त्यामुळे शाळेच्या मोठ्या सुट्टीची वाट न पाहता नाताळच्या आसपास जावे.